सपनाचा पिवळा थेंब

मित्रांनो, धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. मी एक जुना एलायझा रीडर आहे. शहाण्णव खळग्यांची प्लेट माझ्या पोटात सरकवतात. मी प्रत्येक खळग्यातून प्रकाश सोडतो आणि आतला पिवळा रंग किती गडद आहे ते आकड्यात सांगतो. एवढेच मला येते, पण ते चांगले येते.

बंगळुरूच्या कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आलो तेव्हा तंत्रज्ञ पुनाभाऊंनी मला हार घातला. अनेक वर्षे मी कावीळ आणि डेंग्यूच्या तपासण्या केल्या. मग आपोआप चालणारे नवे यंत्र आले आणि माझ्यावर कापड पडले. दोन वर्षे माझे बटण कुणी दाबले नाही. खरे सांगतो, वाईट वाटले.

ते कापड डॉक्टर रिद्धी यांनी काढले. त्या ल्युपसच्या रुग्णांचा अभ्यास करत होत्या. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षक फौज आपल्याच शरीरावर चालून जाते. तेव्हा पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. त्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांतल्या इंटरल्यूकिन-सहा नावाच्या निरोप्याला मोजायचे काम मला मिळाले. तो वाढला की खळगा जास्त पिवळा होतो आणि शरीरात कुठेतरी दाह पेटल्याची शंका घ्यायची.

त्या रुग्णांपैकी भडगावची सपना दर महिन्याला तपासणीसाठी रक्त द्यायला येई. तिचे शिवणकामाचे दुकान होते. एकदा तिचा खळगा गर्द पिवळा निघाला. आकडा आधीच्या सहापट!

"पुनाभाऊ, सपना तर मस्त आहे म्हणाली होती," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र म्हातारं झालंय, चुकलं असेल."

"मॅडम, तरी परत लावून बघतो," पुनाभाऊ म्हणाले.

त्यांनी माझी भिंगे पुसली, नवी प्लेट लावली. माझ्या मनात धाकधूक होती. आकडा तोच आला.

"सर्दी-तापानंही हा वाढतो," डॉक्टर म्हणाल्या, "पण तिला बोलावून विचारू या."

दुसऱ्या दिवशी सपना आणि तिची आई झुंबरबाई आल्या. डॉक्टरांनी दोनदा विचारले, तेव्हा सपना रडायलाच लागली.

"गोळ्यांनी तोंड सुजतं. गिऱ्हाईकं विचारतात. म्हणून महिनाभर घेतल्याच नाहीत."

"मनी पोर बरी व्हई ना, डॉक्टरबाई?" झुंबरबाईंनी विचारले.

लघवी तपासली, तर तिच्यात प्रथिने सापडली. मूत्रपिंडाला नुकताच धक्का लागला होता. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी उपचार बदलले आणि तोंडावरची सूज कशी, केव्हा उतरेल ते नीट समजावून सांगितले.

चार महिन्यांनी सपनाची लघवी जवळपास स्वच्छ झाली. माझ्याकडचा रंगही फिका झाला. त्या दिवशी ती मुद्दाम प्रयोगशाळेत आली. प्लेटवर वाकून बघत म्हणाली, "एवढासाच थेंब?"

पुनाभाऊ हसले. मीही, आपल्या परीने.

मित्रांनो, तिला मी बरे केले नाही. ते डॉक्टरांनी आणि तिने स्वतः केले. आता मला रोज पुसतात आणि माझे दिवस सुखात जातात. तुमच्याकडे एकच मागणे आहे. औषध जड वाटले तर ते गुपचूप सोडू नका, डॉक्टरांना सांगा. मला रक्तातला निरोप वाचता येतो, मनातला नाही. तो तुम्हालाच बोलून दाखवावा लागेल.