एक घर कमी

“म्हणजे आम्ही गरीब, असं मी लिहून द्यायचं?” आर्लिस एस्टेपने जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच बोलत होता.

“गरीब कुठं म्हणतेय, काका? दोघांच्या घरात वर्षाला या आकड्याहून कमी कमाई येत असेल तर डावीकडं खूण, जास्त येत असेल तर उजवीकडं. बस.”

नोरीन टॅकेट ही गावच्या कचेरीतली एकुलती एक कारकून. केंटकीच्या डोंगरातल्या या गावात कोळशाची खाण बंद पडल्यापासून नळाला तांबूस, गंजकं पाणी यायचं. राज्य सरकार नवी पाइपलाइन फुकट घालून द्यायला तयार होतं. पण निम्म्याहून जास्त घरं त्यांच्या उत्पन्नाच्या रेषेखाली भरली तरच. नोरीन दारोदार फिरत होती. जेवताना मध्येच उठायची, पुन्हा गाडी काढायची. आज शेवटचा दिवस होता आणि एक घर कमी पडत होतं.

“घर माझं, ट्रक माझा. कुणाचा छदाम देणं लागत नाही,” आर्लिस म्हणाला. “गरीब म्हणजे ते ओढ्याकाठचे, पत्र्याच्या गाडीघरात राहणारे.”

“त्यांनी उजवीकडं खूण केलीय. ते म्हणतात, गरीब तर टेकडीवरचे.”

आर्लिस हसला नाही.

“नाव कुणाला दिसणार नाही, काका.”

“तुला दिसेल ना.”

नोरीनने हातातला कागद उलटा धरला.

“तुझं घर कुठल्या चौकटीत?” त्याने विचारलं.

“डावीकडच्या.”

“कचेरीत नोकरी असून?”

“नोकरी असून.”

तो म्हणाला, “वाईट वाटलं ऐकून, पोरी,” आणि आत गेला.

नोरीनने गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. आपणच खूण करून टाकावी, असंही मनात आलं. पेन उघडलं, पण हात पुढे होईना. तेवढ्यात आर्लिसची बायको ओमा मागच्या दाराने ओले हात पुसत आली.

“दे इकडं.”

“काकू, काकांना कळलं तर…”

“घरातलं कुणीही मोठं माणूस चालतं ना? मग झालं.” तिने कागद गाडीच्या बॉनेटवर पसरला. “खाणीत छातीत भरलेल्या कोळशासाठी गोळ्या दिल्यात त्यांना. दिवसाआड घेतात, पुरवून पुरवून. हे कुठं लिहायचं?”

“त्याला जागा नाही.”

“मग आहे तिथंच लिहिते.”

तिने डावीकडे खूण इतकी दाबून केली की कागद फाटला.

वसंतात चर्चच्या तळघरात सभा भरली. राज्य सरकारकडून आलेल्या बाईंनी निकाल वाचला: गाव पात्र ठरलं होतं. कुणीच टाळी वाजवली नाही. जो तो आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला.

मग आर्लिस उठला आणि एकटाच टाळ्या वाजवू लागला.

“अरे, वाजवा की. ज्यांची अडचण आहे त्यांना पाणी मिळतंय. त्यात लाजायचं काय?” तो बायकोकडे वळला. “हो की नाही गं?”

“हो,” ओमा म्हणाली. मांडीवरची पर्स खाली ठेवून तीही टाळ्या वाजवू लागली.

नोरीनला बसवेना. ती मागे गेली आणि सरळच असलेल्या खुर्च्या पुन्हा सरळ करत राहिली.