लाकडाची हरणी

अनसाबाईला नवा गुडघा बसवला खरा, पण बाई काही बसायचं नाव घेईना. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज तासभर उंचावर बसायचं, पाय खाली लोंबते सोडायचे. भुईवर बसलात तर गुडघा बिघडेल, नुसत्या उभ्या राहिलात तर आखडेल. मग कायमचं अंथरूण."

पोरानं प्लॅस्टिकची खुर्ची आणली. अनसाबाईनं तिच्यावर लुगडं वाळत घातलं. कारण काय, तर सासरे! नव्वदी ओलांडलेले तात्याबा दिवसभर सोप्यात घोंगडी टाकून भुईला बसलेले असायचे. केंदूरातलं ते घर केवढं, तर दोन खणांचं. कुठंही बसलं तरी मामंजी समोर.

"मामंजी खाली आन् मी सून वर? लोक शेण घालतील तोंडात."

तात्याबा दोनदा म्हणाले, "बस गं पोरी." पण मामंजींनी म्हणायचं आणि सुनेनं लगेच वर चढायचं, असं असतं होय? खुद्द तात्याबांना उंचावर गरगरायचं. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यांना भुईच बरी. झालं, अनसाबाई उभ्यानं निवडायची, उभ्यानं जेवायची आणि संध्याकाळी पाय सुजून टम्म.

नात तेजश्री पुण्यात फर्निचरचं डिझाइन शिकलेली. सणसवाडीत गाळा घेऊन, कंपन्यांची मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या लाकडाच्या वस्तू करायची. खुर्ची म्हणावी तर चित्र, चित्र म्हणावं तर खुर्ची. मागं एक कपाट केलं होतं, दार उघडलं की माणूस तोंड उघडून हसतोय असं वाटायचं. "काय मेली थेरं," असं अनसाबाईचं त्यावर मत.

रविवारी टेम्पो आला. चौघांनी धरून काहीतरी सोप्यात आणून ठेवलं आणि तेजश्रीनं वरची चादर ओढली.

अनसाबाईचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. समोर हरणी उभी होती. दिवाळी झाली की मेंढरांसंगं कोकण आणि पावसाच्या तोंडावर परत केंदूर, असा वीस वर्षं सगळा संसार पाठीवर वाहिलेली घोडी. मेंढरं विकली त्याच्या आदल्या साली ती गेली. डावा कान कुत्र्यानं तोडलेला, तोही तस्साच. पोरीनं तिला कधी पाहिलीसुद्धा नव्हती, नुसती गोष्टींत ऐकलेली!

दोन्ही अंगांना टोपल्यांसारख्या पाट्या. एकीतून कोकरानं मान काढलेली, ती मान ओढली की खण बाहेर यायचा. पाठीवर कोंबडी, तिला उचललं की आत गोळ्या ठेवायची डबी. मागं घोंगड्यांची वळकटी, टेकायला. गळ्यात खरी दोरी. अनसाबाईनं कानावरून हात फिरवला आणि तिला भडभडून आलं. लाकूड ते, पण हाताला ओळख पटत होती.

"आजी, बस ना," तेजश्री म्हणाली.

"लादल्या घोड्यावर कोण चढतं का? आदी वझं उतरव."

"अगं, ते वझं नाही, कप्पे आहेत. स्क्रूनं पक्के केलेत."

"मग काढ स्क्रू. मुकं जनावर हाय, बोलंल का ते?"

तेजश्री हसायला गेली आणि आजीचा चेहरा बघून थांबली. बघते तर खरंच, पाट्या आणि कोंबडीच्या मधे माणसाला टेकायला वीतभरच जागा ठेवलेली! घोडी घडवण्याच्या नादात बसायचं राहूनच गेलं होतं. तिनं स्क्रू काढले, पाट्या उतरवल्या, कोंबडी फळीवर ठेवली. पाठ मोकळी झाली, रुंद, घोटीव.

तरी अनसाबाई जागची हलेना. पदर सारखा करत सोप्याच्या कडेला बघत राहिली. मामंजी खालीच होते.

तात्याबांनी काठी टेकली आणि उठले. एकेक पाऊल टाकत हरणीच्या पुढ्यात आले, तिच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्यातली दोरी हातात घेतली.

"मामंजी, काय करताय?" अनसाबाई घाबरलीच.

"आम्ही बाप्ये मेंढरं घिऊन म्होरं जायाचो. ही दोरी कोकणापत्तुर तू धरलीस. पायात काटं मोडलं, पोटुशी व्हतीस, तरी चाललीस. कोकरं बसली, पोरं बसली, तू एक दिस बसली न्हाईस." त्यांना दम लागला. "आज दोरी माज्याकडं. बस, सूनबाई."

सासऱ्यानं सुनेच्या घोड्याची दोरी धरल्याचं केंदूरात कुणी ऐकलं नव्हतं. अनसाबाईनं आधी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला पाहिलं, पण गुडघ्यानं वाकू दिलं नाही. मग तेजश्रीचा खांदा धरून ती बाजूनं टेकली. दोन्ही पाय भुईवरून सुटले. गुडघा कळवळला, मग हळूहळू सैल पडला. सत्तरीच्या बाईला आज पहिल्यांदा कुणीतरी वाहून नेत होतं. ती ढसढसा रडली आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

डॉक्टरांनी तासभर सांगितलं होतं. काठीवर भार टाकून, दोरी न सोडता, तात्याबा तासभर उभे राहिले.