मध्ये कुणी उठायचं नाही

माझा भाऊ थोदोरिस अथेन्सजवळच्या पेरामाच्या गोदीत वेल्डर होता, आणि हट्टीपणात आमच्या आईच्याही वरचढ. बायको केली ती इथिओपियाची, हिरुत. आईने आकाशपाताळ एक केलं, पण हा बधला नाही.

त्यांची मुलगी मिर्तो. इथे शाळेत तिला काळी म्हणायचे, आजोळी गेली की गोरी. दोन्हीकडे ऐकायला एकच मिळायचं, "तुला नाही कळायचं, तू आमच्यातली नाहीस." म्हणून की काय, आमच्या रीतीभाती तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ. ईस्टरआधीचे उपास आम्ही मोडायचो, ती नाही.

पुढे ती ब्रुसेल्सला जाऊन नाच शिकली. खांदे उडवणं आईकडच्या नाचातलं, गुडघ्यात वाकणं बापाकडच्या, असा काहीतरी नवाच नाच बसवायची. पेपरात फोटो यायचे. थोदोरिस मात्र एकदाही बघायला गेला नाही. म्हणायचा, "माणसाचं मन भरून आलं की तो नाचतो. तिकीट लावून कुणाचं मन भरून येतं?" पोरगी ऐकून घ्यायची. बापाने एकदा तरी 'याला म्हणतात नाचणं' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

यंदा अथेन्समध्ये तिचा कार्यक्रम झाला आणि मी त्याला अक्षरशः ओढत नेलं. संपेपर्यंत तो जागचा हलला नाही. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाला, "भूक लागलीय."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही सगळे मानोलिसच्या खानावळीत जेवायला बसलो. मिर्तोचं मासळीकडे लक्षच नव्हतं. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. मानोलिसने नेहमीसारखी खोडी काढली, "काय गं, काटे काढून देऊ? का तुमच्याकडे काट्यांसकट खातात?" ती हसली. जन्मभर ती अशी हसतच आली.

तेवढ्यात थोदोरिस उठला. कोपऱ्यात बुझुकीच्या तारा छेडत बसलेल्या वादकाला म्हणाला, "झेइबेकिको वाजव. काल माझी पोर नाचली, आज मी तिच्यासाठी नाचणार."

मिर्तोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

झेइबेकिको हा एकट्याचा नाच. ज्याने गाणं मागितलं, त्याचाच. बाकीच्यांनी गुडघा टेकून टाळ्या वाजवायच्या, मध्ये कुणी उठायचं नाही. यावरून आमच्याकडे सुरे निघालेत. थोदोरिस हात पसरून फिरला, डुलला, खाली वाकून जमिनीला हात लावून वर आला. मग पुन्हा खाली गेला आणि आडवाच झाला. "वा रे पठ्ठ्या!" मानोलिस ओरडला. आम्ही टाळ्या वाजवत राहिलो. गाणं संपलं तरी तो उठेना, तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही लगेच धावला असतात तर तो कदाचित वाचला असता.

थोदोरिसच्या चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणे त्याच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाल्यावर मिर्तो माझ्या स्वयंपाकघरात आली. आता ब्रुसेल्स नाही, नाच नाही, म्हणाली.

"अगं, तो तुझ्यासाठी नाचला. तुला हवं होतं तेच ना?"

"आत्या, मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"बाबा पडले तेव्हाच. पडायचं कसं, हेच तर मी शिकलेय. नाचणारा माणूस पडताना हात टेकतो. त्यांनी टेकला नाही. मी अर्धी उठलेसुद्धा. मग वाटलं, तुम्ही सगळे म्हणाल, परकीची पोर, एवढंही कळत नाही हिला."

"वेडी का तू? कोण म्हणणार होतं असं?"

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली. म्हणालो असतो आम्ही. सगळ्यांच्या आधी मीच ओरडले असते, "बस खाली!"