हवाबाबा आणि दूध काढायचं यंत्र

"सोड!" हवाबाबा गरजला, आणि सहा गायींच्या सडांना लागलेले दूध काढायच्या यंत्राचे कप एकदम धबाधब खाली पडले.

गोठ्यात एकच गलका उडाला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी बाबाच्या पायाशी लोळण घेतली. शेजारच्या शिंप्याने तर आनंदाच्या भरात शेणातच बैठक मारली. यंत्राला बोटही न लावता केवढा चमत्कार!

"यात हवेचं भूत आहे," बाबा म्हणाला. "म्हणून कासा सुजतात. यंत्र मठात नेऊन जखडतो."

दादा, माझा थोरला भाऊ, लगेच पाना शोधायला लागला. त्याचं तरी काय चुकलं? चार गायींना दगडी रोग, म्हणजे कासेची सूज, झालेला, दुधात गाठी, डेअरीने दूध नाकारलेलं. आठ दिवस तो बाबाचीच वाट बघत होता. वहिनीने मात्र गुपचूप गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला होता.

बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं, भिंतीमागे डोकावून पाहिलं, कप परत लावायला सांगितले आणि म्हणाल्या, "महाराज, मलाही दाखवा की! अहो, तुमचे शिष्य भिंतीमागे पंपापाशी एकटेच का उभे? या इकडे, माझी बॅग धरा."

"सोड!" बाबा ओरडला. कप जागचे हलले नाहीत.

"सोऽऽड!" गायी रवंथ करत राहिल्या.

"अरे, सोड ना!"

"बॅग सोडू?" शिष्याने घाबरून विचारलं.

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. बाई भिंतीमागे गेल्या. "ताई, आता तुम्ही हाक द्या!"

"उतरा रे बाबांनो!" वहिनी लाजत म्हणाली. धबाधब!

"पंप हवा ओढून घेतो, म्हणून कप सडाला चिकटतात," बाई म्हणाल्या. "इथला कॉक उघडला की हवा आत शिरते आणि कप गळून पडतात. झालं!"

बाबाच्या टेम्पोत आणखी दोन गोठ्यांतली 'जखडलेली' यंत्रं सापडली, विक्रीच्या चिठ्ठ्यांसकट.

"मग रोग कशाने?" दादाने विचारलं.

बाईंनी कपाचं रबर उलटं केलं. चिराच चिरा, आणि चिरांत कुजलेलं दूध. नळीच्या लोंबत्या वळणात धुण्याचं पाणी साचून आंबलं होतं. वास असा, की दादा नाक दाबून बाहेर पळाला.

"ही नळी उतरती बसवली तर पाणी आपोआप निथळेल की," वहिनी म्हणाली.

"तेच तर!" बाई खूश झाल्या.

वहिनीने स्वतः नळी बसवली. नवं रबर आलं. दर धारेनंतर गरम पाण्याने यंत्र धुणं, प्रत्येक गायीला वेगळं फडकं, पहिली धार काळ्या वाटीत घेऊन गाठी तपासणं आणि आजारी गाय सगळ्यांत शेवटी पिळणं सुरू झालं. औषधाने तीन गायी बऱ्या झाल्या. चौथीचा एक सड कायमचा गेला. ते आठ दिवस वाया गेले नसते, तर तोही वाचला असता.

म्हणून सांगतो, यंत्र बिघडलं तर खोलून बघा आणि जनावर आजारी पडलं तर वेळेवर डॉक्टरला बोलवा. आपल्याला कळलं नाही, एवढ्यानेच कुठली गोष्ट चमत्कार होत नाही.