सुंदरम्मांची सर्व्हिस मोटार

मित्रांनो, चिंचेखाली उभी असलेली ही गंजकी मोटार म्हणजे मी. एके काळी मी अक्कलकोटहून सोलापूरला उतारू नेत असे.

माझे यंत्र समुद्रापलीकडून लाकडी खोक्यांत आले. अंग मात्र सोलापुरी. इथल्या सुतारांनी सागवानी बाक ठोकले आणि निळा रंग दिला. मल्लप्पांनी मला विकत घेतले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुंदरम्मांनी माझ्या दिव्यांना विभूती लावली. पुढे मल्लप्पा तापाने गेले. बाईमाणसाला मोटारीचा धंदा झेपायचा नाही, विकून टाका, असे भाऊबंद सांगू लागले. सुंदरम्मांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि दिवसकार्य झाल्यावर ड्रायव्हर शिवपुत्राला नेहमीच्या वेळी गाडी काढायला सांगितले. त्यांचे घर माझ्यावरच चालत होते.

मग मंदी आली. भुईमुगाला भाव राहिला नाही, उतारू कमी झाले. अशातच एका सकाळी कुंभारी गावाजवळ माझ्या मागच्या चाकांचा आस तुटला. बैलांनी मला ओढत सोलापुरात गुरप्पा मिस्त्रींच्या कारखान्यात आणले. येणारेजाणारे थांबून बघत होते. मला फार लाज वाटली.

निरोप मिळताच सुंदरम्माही तिथे आल्या. त्यांच्यासमोर गुरप्पांनी मला खोलून पाहिले. आस, स्प्रिंगा, दातेचाक, ब्रेकचे पट्टे, सगळे मुंबईहून नवे मागवावे लागेल म्हणाले आणि चारशे रुपये सांगितले. त्यापेक्षा ही मोडीत द्या, मीच घेतो, असेही सुचवले. शिवपुत्राने मान खाली घातली. मोडीत निघालेली एक मोटार तिथेच कोपऱ्यात पडली होती. उद्या तिच्याशेजारी मीच पडलेली असणार, असे मला वाटले.

सुंदरम्मा रागावल्या नाहीत. पदर सावरून त्या तेलकट बाकावर बसल्या आणि माझा एकेक भाग समोर पोत्यावर मांडायला लावला. हा काय काम करतो, कुठे तुटला, दुरुस्त होईल का, असे विचारत राहिल्या. गुरप्पा भाव चढा सांगत, पण कोणी नीट विचारले तर खोटे बोलत नसत. स्प्रिंगांचे एकदोन पाटेच गेले होते, ते लोहाराकडून होणार होते. दातेचाक झिजले होते, तरी अजून बरेच चालणार होते. आस कोपऱ्यातल्या मोटारीचा चालणार होता. तो गुरप्पांनी ठोकून, वाजवून, कुठे तडा नाही ना ते बघून घेतले. प्रत्येक वस्तूवर घासाघीस झाली. दुपार होईतो दोघांचेही घसे कोरडे पडले, आणि आकडा निम्म्यावर आला.

शेवटी ब्रेकचे पट्टे राहिले. बाई इथेही अडून बसणार, असे वाटून गुरप्पा आपण होऊनच म्हणाले, "अक्का, पट्टे बी त्या मोडक्या गाडीचेच घालतो की. निम्म्यात भागंल."

"न्हाय मिस्त्री," सुंदरम्मा म्हणाल्या. "ते नवेच घाला. तितं मी एक पैसा कमी करा म्हणणार न्हाय. गाडीत लोकांची लेकरं बसत्यात."

गुरप्पांनी लगेच मुंबईहून नवे पट्टे मागवले. मग मजुरी सुगीनंतर दिली तरी चालेल म्हणाले. पट्टे आले, तेव्हा ते त्यांनी गड्यांच्या हाती दिले नाहीत, स्वतः माझ्याखाली आडवे होऊन बसवले.

दिवाळीनंतर गुरप्पांची मुलगी दाक्षायणी बाळंतपणाला अक्कलकोटहून माहेरी यायची होती. तोवर त्या रस्त्यावर माझ्याहून नव्या, मऊ गाद्यांच्या मोटारी धावू लागल्या होत्या. त्यांतल्या काही गुरप्पांच्याच हाताखालून जात. तरी त्यांनी शिवपुत्राबरोबर निरोप धाडला, "अक्कांना सांग, माझी पोरगी तुमच्याच गाडीतनं येईल."

सुंदरम्मा स्वतः तिच्याशेजारी बसून सोलापूरपर्यंत आल्या. ज्यांनी मला मोडीत काढायला सांगितले होते, त्यांची लेक माझ्या बाकावर उशीला टेकून झोपली होती. तेवढ्या जपून मी कधीच धावले नव्हते.

मित्रांनो, दुरुस्तीला गेलात तर खुशाल घासाघीस करा. टिकणारी वस्तू उगाच टाकू नका, सांधा, वापरा. पण ज्या भागावर दुसऱ्याचा जीव असेल, तिथे भाव करू नका. आणि अशी सुंदरम्मा तुम्हाला कुठे भेटली, तर तिच्या जुन्या गाडीत निर्धास्त बसा.