डाळिंबी शालू

मार्गशीर्षातली पिवळीधमक दुपार. हिरण्यकेशीच्या काठाने उसाला तुरे फुटले होते. वाऱ्याच्या लहरीसरशी रुपेरी, मग राखी, मग पुन्हा रुपेरी होत ते अफाट रान गडहिंग्लजच्या वेशीपर्यंत झुलत होते.

शेवंताआजींच्या पडवीत ते ऊन घोंगडीवर येऊन विसावले होते. त्या सोनसळी उन्हात विजयमालेने तीन फोटो शेजारी शेजारी मांडले.

तीन घरांच्या तीन भिंतींवरून मागून आणलेले फोटो. तीन जावा. एक विजयमालेची आजी, उरलेल्या दोघी तिच्या चुलतबहिणींच्या आज्या. तिघी नवयौवना, तिघी करड्या छायेत बुडालेल्या. आणि तिघींच्या अंगावर एकच शालू. तोच कोयऱ्यांचा पदर, तीच काठावरची वेलबुट्टी.

शालू आमच्याच आजीचा, असे तिन्ही घरे म्हणत. म्हणता म्हणता शब्दांना धार चढली, आणि दोन दिवाळ्या फराळाचे डबे या घरातून त्या घरी गेले नव्हते. विजयमालेला ते सलत होते. त्या तिघींना नांदताना पाहिलेली एकच नणंद आता उरली होती: नव्वदीला टेकलेली शेवंताआजी.

आजींनी एकेक फोटो डोळ्यांशी नेला. सुरकुत्यांच्या जाळीतून हसू हळूहळू झिरपले.

"डाळिंबी होता गं. पिकून उललेल्या डाळिंबासारखा."

"पण कुणाचा, आजी?"

"ह्या तिघींतल्या कुणाचाच न्हवं. हौसावहिनीचा."

हौसावहिनी, थोरली जाऊ. विशी उलटायच्या आत कपाळ पुसले गेलेली. लग्नातला तो शालू तिने ट्रंकेच्या तळाशी, अंधारात, निजवून ठेवला होता. बाजारात फोटोवाला आला, त्या दिवशी तिने आपण होऊन तो बाहेर काढला. घरात दुसरे रेशीम नव्हतेच.

"पडद्यामागं एकीला नेसवायची, फोटो झाला की सोडून दुसरीला. मी आठ वर्सांची, पिना धरून उभी. म्हनलं, वहिनी, तू बी बस की. तर म्हनली, माझं ह्या तिघींत आलं."

विजयमालेने तिन्ही फोटो पुन्हा जवळ ओढले.

"फोटोवाला बिचारा वराडतोय, बायांनो, हिकडं बघा, हिकडं. बघतात कुठल्या."

तेव्हा कुठे विजयमालेला दिसले. एकीचीही नजर समोर नव्हती. तिघी किंचित डावीकडे, चौकटीबाहेर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहत होत्या. तिघींच्या ओठांवर तेच लाजरे, ओलसर, कृतज्ञ हसू.

तिने फोन उचलला. धाकटी चुलतबहीण लगेच 'निघते' म्हणाली. थोरलीने आधी खात्री करून घेतली.

"खरंच हौसाआजीचा?" तिने विचारले. "मग मीही येते."

ऊन कलले तेव्हा तिघी बहिणी घोंगडीभोवती बसल्या होत्या. मधे भडंगाची परात, कडेला निवत चाललेला चहा. जुने भांडण कुणी काढले नाही.

"दिसायला कशी होती गं ती?" थोरलीने विचारले.

"उंच," आजी म्हणाल्या. "सावळी. कमरंवर घागर घिऊन चढ चढायची, पर थेंब सांडायची न्हाई."

आजी सांगत राहिल्या. आणि त्या निवांत, केशरल्या सांजवेळी, शब्दाशब्दाने, पावलापावलाने, ती उंच, सावळी, भरल्या घागरीची बाई नदीकडून वर येत राहिली.