धार कोण काढणार

रोहतांगच्या खिंडीतून बर्फाचे डोंगर बघायचेच, हे शिल्पानं दोन वर्षं लावून धरलं होतं. रेल्वेची तिकिटं, पुढची गाडी, सासूसाठी स्वेटर, सगळं तिनंच जमवलं. निघायला महिना उरला, आणि लोह्याच्या बाजारातून आलेला नवरा बजरंग जेवता जेवता सहज म्हणाला, "तुला न्हाई जमायचं. म्हैस तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत न्हाई. आमी फोटो पाठवू की."

शिल्पाचं टाळकं सटकलं. संध्याकाळी धारेच्या वेळी तिनं चरवी त्याच्याच हातात दिली.

"बसा खाली. महिनाभरात सवय होईल तिला. न्हाई झाली, तर मी पाठवते तुमाला फोटो."